निवृत्तीची घाई आणि जगण्याची सवड

बेळगावच्या खडेबाजारात सायंकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले की एक गोष्ट सहज ध्यानात येते. ह्या बाजाराला निवृत्ती हा शब्दच ठाऊक नाही. दुकानाची सूत्रे मुलाच्या हाती गेलेली असतात, हिशेब चोपडीतून संगणकावर गेलेला असतो. परंतु सत्तरी ओलांडलेले वडील गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसतातच. जुन्या गिऱ्हाइकाची विचारपूस करावी, दोन जिन्नस स्वतः दाखवावेत आणि दिवेलागणीला देवदर्शनासाठी उठावे, हा त्यांचा क्रम. काम नेमके केव्हा सोडले, हे त्यांनाही सांगता यावयाचे नाही.

ह्याच बाजारात गेल्या पंधरवड्यात आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजिवांची गाठ पडली. वय चौतीस, बंगळूरला संगणक-कंपनीत नोकरी. चार दिवसांच्या रजेवर आलेला. ‘काका, पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणार आणि इथंच येऊन राहणार,’ असे त्याने मोठ्या निश्चयाने सांगितले. खिशातील फोनवर त्याने आपला सारा तक्ता आम्हांला दाखविला. दरमहा किती शिल्लक, ती कोठे गुंतवली, कोणत्या वर्षी किती होणार, सारे काही त्यात होते. शाळेत असताना हा मुलगा फार सुरेख तबला वाजवीत असे. आम्ही सहज विचारले, ‘तबला कसा चाललाय?’ तो हसून म्हणाला, ‘तबला आता पंचेचाळिशीनंतर.’

हे उत्तर आमच्या मनातून जात नाही. त्याचे वडील आज सहासष्ट वर्षांचे आहेत. मुलगा परत येईल तेव्हा ते सत्याहत्तरीला पोहोचलेले असतील. ही ओळ त्या तक्त्यात नव्हती.

लवकर निवृत्त होण्याची इच्छा म्हणजे आळस, असे म्हणून हा विषय उडवून लावणारांपैकी आम्ही नव्हे. खरे पाहता ही इच्छा आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेथील आजीव सदस्य पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेत. वीस वर्षांनंतर काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या पुढे असे. गुहागर तालुक्यातील कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस होते. मुरूडचे धोंडो केशव कर्वे १९१४ साली तेथूनच निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले. कोकणच्या ह्या दोन सुपुत्रांनी नोकरी लवकर सोडली ती कशापासून सुटण्यासाठी नव्हे, तर कशासाठी तरी मोकळे होण्यासाठी.

येथेच एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचे काम निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवले नव्हते. अनाथ बालिकाश्रम १८९६ सालचा. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावे आणि हिंगण्याच्या माळावरील आश्रमाकडे पायी चालत जावे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. निवृत्ती आली तेव्हा कामाची वाट पायाखालची झाली होती. गोखल्यांची गोष्ट निराळी. त्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला, कायदेकौन्सिल गाजविले, परंतु शरीराकडे पाहण्यास त्यांना सवड झाली नाही आणि १९१५ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. कर्वे १०४ वर्षे जगले. आयुर्मान कोणाच्या हातचे नाही, हे मान्य. तरीही ही दोन चरित्रे शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांला वाटते.

आता हिशेबाकडे वळू. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठली की नोकरी सोडावी, हे सूत्र आजच्या तरुणांच्या तोंडी असते. ते अमेरिकेतून आले आहे. विल्यम बेंगन ह्या सल्लागाराने १९९४ साली तेथील बाजाराचा इतिहास तपासून, निवृत्तीनंतरची तीस वर्षे गृहीत धरून ते मांडले. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला तीस नव्हे, चाळीस वर्षांची तरतूद लागेल. त्यातून महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे पंचेचाळिशीला जो संसार पन्नास हजारांत चालतो, त्याला सत्तावन्नाव्या वर्षी एक लाख आणि एकोणसत्तराव्या वर्षी दोन लाख लागतील. दुखण्याखुपण्याचा खर्च ह्याहून वेगळा.

सरकारी नोकरांचा जुना आधारही आता पूर्वीसारखा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ नंतर आलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही. खाजगी नोकरांच्या भविष्यनिर्वाह निधीतील पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. दहा वर्षे सेवा झाली असल्यास ते पन्नाशीपासून घेता येते खरे, पण अठ्ठावन्नाला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात सोसावी लागते. तेव्हा ज्याला लवकर मोकळे व्हायचे आहे, त्याने उत्साहाबरोबर गणितही पक्के ठेवावे.

परंतु केवळ गणित पक्के असून भागत नाही, हेही ह्या देशाने पाहिले आहे. २०००-०१ साली सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे पन्नाशी गाठलेले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले. त्यांतील कित्येकांनी पुढे शेती फुलविली, संस्था सांभाळल्या, नातवंडांना वाढविले. मात्र ज्यांना कचेरीपलीकडे काहीच ठाऊक नव्हते, त्यांची पहिली सहा महिन्यांची गंमत सरल्यावर काय अवस्था झाली, हे आपल्यापैकी प्रत्येकाने एखाद्या घरात तरी पाहिले असेल. पैसा होता, वेळ होता. त्या वेळेचे काय करावे, हे शिकायचे राहून गेले होते.

छंद ही अशी शिकण्याचीच गोष्ट आहे. देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांनी गणिताचा नाद निवृत्तीसाठी शिलकीत टाकला असता, तर ६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली गेली नसती. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचे दुकान चालवीत. दिवे, अडकित्ते, वाद्ये असे जे जे जुने व सुंदर दिसले, ते त्यांनी आयुष्यभर जमा केले आणि अकाली गेलेल्या आपल्या राजाच्या नावाने उभे केलेले ते संग्रहालय १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केले. दुकान आणि छंद ह्यांचे त्यांच्या घरी वैर नव्हते.

आणि दूर कशाला जावे? बेळगावच्याच इंदिरा संतांचे उदाहरण घ्यावे. पतीबरोबरचा ‘सहवास’ हा संग्रह १९४० सालचा. १९४६ साली पती गेले, पदरी तीन मुले. अध्यापक विद्यालयातील नोकरी करीत, मुले वाढवीत त्यांनी कविता लिहिली. १९५१ साली ‘शेला’ आला आणि १९८४ साली ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. सवड मिळेल तेव्हा लिहू, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. त्यांचे चिरंजीव प्रकाश संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा ‘वनवास’ हा पहिला कथासंग्रह १९९४ साली, पन्नाशी ओलांडल्यावर प्रसिद्ध झाला. त्यातला लंपन मात्र मनात लहानपणापासूनच राहत असला पाहिजे.

समतोल ह्या शब्दाचा अर्थ आम्ही असा घेतो. आयुष्याचे दोन तुकडे करून पहिल्यात केवळ राबणे आणि दुसऱ्यात केवळ जगणे, हा समतोल नव्हे. तराजूची दोन्ही पारडी एकाच वेळी भरावी लागतात. दररोज अर्धा तास रियाज, आठवड्यातून एक फेरी डोंगरावर, महिन्याला दोन पुस्तके, एवढ्याने कोणाची निवृत्ती वर्षभर लांबली तरी बिघडत नाही. उलट हीच अर्ध्या तासाची ठेव पुढली दहा वर्षे काम करण्याचे बळ देते. प्रेरणा आटली, कामात मन लागत नाही, अशी तक्रार करणाऱ्या तरुणांनी आपण शेवटचे कशात रमलो होतो, हे आठवून पाहावे. उत्तर बहुधा माळ्यावर धूळ खात पडलेले सापडेल.

ह्या चर्चेत एक गोष्ट विसरता कामा नये. निवृत्त केव्हा व्हावे, हा प्रश्न पडणे हेच मुळी भाग्याचे लक्षण आहे. निपाणी परिसरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे मोजली जाते. बोटे चालतील तोवर त्यांचे काम चालते. शेतकऱ्याला आणि उद्यमबागेतील भट्टीवरच्या कंत्राटी मजुरालाही पंचेचाळिशीचे स्वप्न परवडत नाही. इतकेच कशाला, ज्या घरातील पुरुष लवकर निवृत्त होतो, त्या घरातील गृहिणीला कोणते निवृत्तीचे वय असते? यजमान घरी बसले म्हणजे तिचा चहा दोन वेळा वाढतो. निवृत्तीच्या तक्त्यात तिच्या सवडीचाही एक रकाना असावा, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

आपल्या शहराकडे छंदांना आधार देणाऱ्या जागांची उणीव नाही. १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, व्याख्यानमाला आहेत, गल्लोगल्लीची मंडळे आणि भजने आहेत. ह्या संस्थांना चाळिशीच्या आतली माणसे हवी आहेत. बाहेरगावी गेलेली आपली मुले पंचेचाळिशीला परत येणार असतील तर त्यांचे स्वागतच आहे. परंतु तोवर ह्या संस्था आणि त्या मुलांचे आईबाप थांबून राहतील, असे कोणी धरून चालू नये.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले : तक्ता फाडू नकोस, पण तबल्याची जोडी ह्या खेपेला बरोबर घेऊन जा. तो काही बोलला नाही. निघण्याच्या दिवशी त्याने वडिलांना बरोबर घेऊन तबल्याला नवी शाई घालायला टाकली, असे नंतर आमच्या कानी आले. पंचेचाळिशीला अद्याप अकरा वर्षे आहेत. तोवर घरात ठेका ऐकू येत राहिला, तर निवृत्ती एखादे वर्ष मागे सरली तरी त्याला तिची खंत वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.