हळद आणि छापील पुरावा

जखमेवर हळद दाबायला आपल्याकडे वैद्य लागत नाही. तरीही मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने नेमक्या याच उपयोगाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. मेख तिथल्या तेव्हाच्या कायद्यात होती. परदेशात एखादी गोष्ट पिढ्यानपिढ्या वापरात असली तरी ती पुरेशी नव्हती. ती कुठेतरी छापलेली असावी लागे. आजीबाईचा बटवा पुराव्यात बसतच नव्हता! म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ३२ संदर्भ पुढे केले. त्यांत १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, तेही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांच्या आधारे. ज्या आदिवासी भगतांनी कधी काही लिहिलेच नाही, त्यांचा झाडपाला बहुतांशी त्या संग्रहाबाहेरच राहिला.