मोशीतील विजेच्या मोटारी : धास्ती आणि हिशेब

पिंपरी-चिंचवडमधील मोशी प्राधिकरणातील परिवहन कार्यालयाकडून नाशिक रस्त्याकडे निघणाऱ्या वाहनांच्या रांगेत हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे मिरविणाऱ्या मोटारी आता इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत की, त्यांच्याकडे मान वळवून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. परंतु तशीच एक मोटार आपल्याही दारी आणावी असा विचार ज्या गृहस्थाच्या मनात डोकावू लागला आहे, त्याची झोप मात्र नाना शंकांनी उडालेली असते. यातील मौज अशी की, ज्या वस्तूविषयी ही धास्ती वाटते ती वस्तू येथूनच हाकेच्या अंतरावर निर्माण होते. महिंद्रा कंपनीने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी लोकांपुढे मांडलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन्ही विद्युत-मोटारी चाकणच्या कारखान्यातल्या. मर्सिडीजची ईक्यूएस जोडली जाते तीही चाकणलाच. आणि बजाजची विजेवर चालणारी चेतक स्कूटर आरंभी चाकणला व २०२२ पासून आकुर्डीच्या जुन्या आवारात तयार होऊ लागली. म्हणजे पहिल्या पाळीत ज्या हातांनी या गाड्यांचे नटबोल्ट आवळले, त्याच हातांचा धनी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा राहून शेजाऱ्याला विचारीत असतो की, अहो, ही मध्येच बंद पडली तर काय करायचे?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रथम जाहिरातीतील आकड्यापासून शोधावयास हवे. मोटार एका भारणात किती अंतर कापील, हा जो आकडा कंपन्या मोठ्या अक्षरांत छापतात, तो ठरावीक चाचणीत, ठरावीक वेगाने, फिरत्या रुळांवर गाडी चालवून काढलेला असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ज्या वाहन-चाचणी संस्थेचे मुख्यालय आहे, त्या एआरएआयचा शिक्का त्यावर असतो, आणि तो आकडा खोटा नसतो. तथापि चाचणीतल्या रुळांवर खंबाटकी घाट नसतो, मे महिन्याचे ऊन नसते, आणि मागच्या आसनावर बसून वातानुकूलन वाढवावयास सांगणारी मंडळीही नसतात. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरांचा होता, आणि प्रत्यक्ष वापरात तिने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर दिले म्हणजे मालक समाधानी असे. तेव्हा छापील आकड्याचा तृतीयांश वजा करून उरेल तो आपला, असा शिरस्ता ठेवावा. नंतर निराश होण्याचा प्रसंग येत नाही.

आता हा उरलेला पल्ला मोशीच्या माणसाला पुरतो की नाही? चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असली तर जाऊन-येऊन तीस-चाळीस किलोमीटर, हिंजवडीला असली तर त्याच्याच आसपास. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात तास-तासभर खोळंबून राहावे लागते, तेव्हा गाडीची बॅटरी बसल्या जागी संपेल ही भीती तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. कोंडीत थांबलेल्या विद्युत-मोटारीची मोटर वीज खात नाही. खाते ते वातानुकूलन, आणि तेही तासाला साधारण एक युनिट. ब्रेक लावताना चाकांची गती पुन्हा विजेत रूपांतरित होऊन काही अंशी बॅटरीत परत येते, त्यामुळे पेट्रोलच्या गाडीचे ज्या रस्त्यावर दिवाळे निघते तेथेच हिची काटकसर दिसते. पल्ला खऱ्या अर्थाने आटतो तो मोकळ्या द्रुतगती मार्गावर, शंभराच्या पुढे वेग गेला म्हणजे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि घाई करणाऱ्याकडून तो आपली वसुली करून घेतो.

लांबच्या प्रवासाचे मात्र वेगळे. मोशीहून नाशिक सुमारे १९० किलोमीटर. लहान बॅटरीच्या गाडीने हे अंतर एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर या टप्प्यांत एकदा थांबावे. जलद चार्जिंगचे यंत्र १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी साधारण तासाभरात नेते, पुढचे वीस टक्के मात्र कूर्मगतीने भरते, म्हणून ऐंशीला उठावे आणि चालू पडावे. खरी गोम यंत्राच्या वेगात नसून त्याच्या भरवशात आहे. कधी ते बंद असते, कधी मोबाईलवरून पैसे जात नाहीत, कधी त्या जागेवर कोणी तरी पेट्रोलची गाडी निवांत लावून मिसळ खावयास गेलेले असते. यास्तव अखेरच्या दहा टक्क्यांवर कोणत्याही केंद्रापाशी पोहोचू नये, आणि त्याच्या पुढचे दुसरे केंद्र कोठे आहे हे निघण्यापूर्वीच हेरून ठेवावे. वर्षातून चार-सहा वेळा होणाऱ्या प्रवासासाठी एवढी दक्षता फार नाही. दर आठवड्याला गावी मराठवाड्यात किंवा खानदेशात जाणाऱ्याने मात्र मोठ्या बॅटरीचीच गाडी पाहावी, नाही तर तूर्त थांबावे.

गुरुवारी वीज गेली तर, असाही एक प्रश्न येथे हमखास विचारला जातो, कारण महावितरणची देखभाल-दुरुस्ती आणि बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी याच वारी येते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी झेलून टाकी भरून ठेवण्याची सवय ज्या शहराला लागली, त्याला बुधवारी रात्री बॅटरी भरून ठेवणे शिकवावे लागू नये. रोजच्या चाळीस किलोमीटरांना सहा-सात युनिटे लागतात, आणि घरातल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर ती अडीच-तीन तासांत भरतात. बॅटरी रोज रिकामी करून रोज पूर्ण भरायची असते, हा समजच मुळात चुकीचा आहे.

आगीची भीती याहून गंभीर आहे आणि तिची थट्टा करू नये. मार्च २०२२ मध्ये लोहगावात एका विजेच्या स्कूटरने पेट घेतला, त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्याच वर्षी जूनमध्ये वसईत एक मोटार जळाली आणि केंद्र सरकारने चौकशी लावली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ पासून त्यांचा टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला. शिवाय लिथियमच्या सर्वच बॅटऱ्या एका स्वभावाच्या नसतात. लोह आणि फॉस्फेट वापरून केलेली बॅटरी निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा जड व अधिक जागा व्यापणारी असते, परंतु उष्णतेला सहजासहजी बिथरत नाही. आपल्याकडील बऱ्याच नव्या मोटारींत, चाकणच्या महिंद्रांतही, तीच असते. एवढे मात्र खरे की, लिथियमची आग एकदा लागली तर विझविणे कठीण, विझली असे वाटून पुन्हा भडकणारी. म्हणून अपघात झालेली किंवा पुरात बुडालेली गाडी तपासणीविना चार्जिंगला लावणे हा शुद्ध अविचार होय. पुराचेच म्हणाल, तर बॅटरीवरचा आयपी ६७ हा शिक्का एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी सांगतो; इंद्रायणीचे पाणी रस्त्यावर आले असता त्यात गाडी घालण्याचा परवाना तो देत नाही.

बॅटरी किती वर्षे टिकेल? बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी येईल तोवर हमी देतात. चाकणला रोज जाणाऱ्याचे वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले, तर आठ वर्षांत एक लाखही होत नाहीत. म्हणजे येथे किलोमीटर उरतात आणि वर्षे संपतात. तेव्हा बॅटरीची धारणाशक्ती चतुर्थांशाने घटली असे मानले, तरी दोनशेच्या जागी दीडशे किलोमीटर हाती राहतात, आणि चाळीसची गरज त्यात सुखाने भागते. नवी बॅटरी घेण्याचा खर्च मोटारीच्या किमतीचा फार मोठा हिस्सा असतो हे खरेच. आणि दर चार वर्षांनी गाडी बदलण्याची हौस असणाऱ्याला जुन्या विद्युत-मोटारीचा भाव ऐकून वाईट वाटेल हेही खरे, कारण तंत्र झपाट्याने सुधारत असताना कालच्या यंत्राला कोण किंमत देतो? ही गाडी आठ-दहा वर्षे सांभाळणाऱ्याची आहे.

पैशाचा जमाखर्च सरळ आहे. एका युनिटात गाडी साडेसहा किलोमीटरांच्या आसपास जाते. युनिटला दहा रुपये धरले तर किलोमीटरला दीड रुपया. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आणि गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देणारी धरली तर किलोमीटरला सात रुपये. बारा हजार किलोमीटरांवर वर्षाला पासष्ट हजारांच्या घरात बचत, म्हणजे खरेदीत तीन लाख जास्त मोजले असतील तर ते साडेचार-पाच वर्षांत भरून येतात. वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मोटारवाहन करात माफी व मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर पथकरमाफीची तरतूद केली आहे. परंतु ज्याची गाडी वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर चालते, त्याने हा हिशेब स्वतःच्या हाताने मांडून पाहावा. त्याला ते तीन लाख दहा-अकरा वर्षांतही सुटत नाहीत. आणखी एक पेच असा की, घरगुती मीटरवर महिन्याला दीडशे-दोनशे युनिटे वाढली म्हणजे बिल वरच्या टप्प्यात चढते आणि दहा रुपयांचा हिशेब कोलमडतो. म्हणून महावितरणकडून चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेणे इष्ट, कारण तिला वेगळा दर लागू होतो.

पर्यावरणाच्या नावाने होणारा जयघोष किंचित खालच्या पट्टीत असावा. आपली बहुतांश वीज अद्याप कोळशाचीच आहे, त्यामुळे कर्बवायूची बचत होते ती मर्यादित. मोशीच्या कचरा डेपोत १ ऑगस्ट २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या प्रकल्पात शहराचा कचरा जाळून १४ मेगावॅट वीज निर्माण होते, हे स्तुत्य खरे, पण तेवढ्याने धूर संपत नाही. नाशिक रस्त्यावरच्या माणसाच्या नाकाला मात्र फरक कळेल, यात शंका नाही.

येथवर ज्या धास्तींचा परामर्श घेतला त्या बहुधा हिशेबाने निवळतात. जी निवळत नाही ती सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भेटते. १९९७ साली महापालिकेत आलेले मोशी हे गाव पाहता पाहता दहा-बारा मजली इमारतींचे झाले. बोऱ्हाडेवाडी, जाधववाडी, स्पाइन रस्ता, जिकडे पाहावे तिकडे शेकडो सदनिकांच्या गृहरचना संस्था. येथे मोटार मालकाची, परंतु ती उभी राहते ती जागा, तेथवर येणारी तार आणि त्या तारेमागचे रोहित्र हे सर्व सामायिक. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मालकाने आपल्या निवासी जोडणीवर गाडी चार्ज करावयास हरकत नाही. तरी कमिटीपुढे दरखास्त गेली की ती तीन-तीन सभा पुढे ढकलली जाते. आणि कमिटीची बाजूही निराधार नसते. शंभर गाड्या सायंकाळी सातला एकाच वेळी सात किलोवॅटच्या यंत्रांना लागल्या, तर सातशे किलोवॅटांचा भार होतो, आणि इमारतीचा मंजूर भार ठरविताना असा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींत किमान २० टक्के वाहनतळ चार्जिंगयोग्य असावेत असे म्हटले. त्याआधी बांधल्या गेलेल्या इमारतींचे काय, हे सभासदांनीच ठरवावयाचे आहे.

यावर सुचणारा मार्ग असा. एकेकट्याने झगडण्यापेक्षा पाच-सात इच्छुकांनी मिळून अर्ज करावा. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून भाराची तपासणी करून घ्यावी. प्रत्येकाची तार स्वतंत्र, मीटर स्वतंत्र, अर्थिंग व आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) योग्य प्रतीची असावी. खर्च वापरणाऱ्याने सोसावा. आणि चार्जिंग मध्यरात्रीनंतर सुरू होईल अशी वेळ लावावी. मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची दोरी खाली सोडून गाडी भरण्याचे जे प्रताप कोठे कोठे पाहावयास मिळतात, त्यांनी मात्र कमिटीच्या भीतीला आयतेच प्रमाण मिळते.

एक चिंता अशी आहे की तिचा ग्राहकाच्या खिशाशी थेट संबंध नाही, पण या पट्ट्यात ती टाळता येत नाही. भोसरीच्या शेडांत पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर, इंजेक्टरचे सुटे भाग करणारे लघुउद्योजक आणि त्यांचे कारागीर याच मोशीत राहतात. विद्युत-मोटारीला यातले फारसे काही लागत नाही, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला तिचे तीनशे-चारशे व्होल्टांचे पेटारे उघडण्याची सोय नाही. ज्याने आपली जुनी गाडी पंधरा वर्षे आवाजावरून ओळखून दुरुस्त केली, त्याला वगळून प्रत्येक लहानसहान बाबीसाठी कंपनीच्या सेवाकेंद्राकडे जावे लागते. आमच्या मते हा या गाडीचा सर्वांत मोठा दोष आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गॅरेजवाल्यांना उच्च दाबाच्या विजेचे शिक्षण देण्याची तजवीज केली नाही, तर पुढच्या दहा वर्षांत त्याची किंमत मालक आणि कारागीर दोघेही मोजतील.

तेव्हा ज्याचा रोजचा फेरा ठरलेला आहे, जो गाडी दीर्घकाळ ठेवणार आहे आणि ज्याच्या वाहनतळावर स्वतःच्या मीटरची तार येऊ शकते, त्याने विजेची मोटार बिनदिक्कत घ्यावी. ज्याला रोजचे चार्जिंग रस्त्यावरच्या केंद्रावर अवलंबून करावे लागेल, त्याने आणखी थोडे थांबावे. आणि घेणाऱ्याने शोरूममध्ये बयाणा भरण्यापूर्वी सोसायटीचे ना-हरकत पत्र लेखी स्वरूपात आपल्या दप्तरी लावून घ्यावे.