घडीच्या छपराची गळती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकअप ट्रक नावाची एक हलकी मालमोटार फार लोकप्रिय आहे. पुढे दोन-चार माणसांना बसण्यापुरती बंदिस्त जागा आणि मागे उघडा हौदा, एवढीच तिची रचना. कामाच्या दिवसांत या हौद्यातून लाकूड, चारा, अवजारे यांची ने-आण करावी आणि सुटीच्या दिवसांत त्याच हौद्यावर एक लहानशी खोली बसवून डोंगरात किंवा वाळवंटात मुक्कामाला जावे, असा प्रघात तेथे रूढ आहे. या खोलीला ट्रक कॅम्पर म्हणतात. १९४२ साली अलास्काकडे जाणारा महामार्ग तयार झाला. महायुद्धानंतर तो सर्वसामान्य प्रवाशांना खुला झाला. अशा दूरच्या आणि विरळ वस्तीच्या मुलखात बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणारी वाहने १९५० नंतरच्या दशकात अधिकाधिक दिसू लागली.

परंतु उंच खोली पाठीवर घेऊन धावणाऱ्या मोटारीला वारा फार अडवतो, वळणावर ती कलते आणि झाडांच्या लोंबत्या फांद्या तिच्या छपराला लागतात. यावर निघालेला तोडगा म्हणजे घडीचा कॅम्पर. प्रवासात त्याचे छप्पर खाली बसलेले असते. मुक्कामाला पोहोचल्यावर ते वर उचलले की छप्पर आणि भिंती यांच्यामध्ये जाड कापडाची कनात ताणली जाते आणि आत माणसाला ताठ उभे राहता येते. १९७२ साली स्थापन झालेली फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी याच प्रकारच्या बांधणीसाठी प्रसिद्ध आहे. नवा कॅम्पर पुष्कळांच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कॅम्पर स्वस्तात विकत घेऊन ते दुरुस्त करणारा मोठा वर्ग तेथे आहे. अशा जुन्या कॅम्परला इंजिन नसते, चाके नसतात. त्यामुळे झिजून निकामी होण्यासारखे त्यात थोडेच असते. त्याला मोडीत काढते ते पाणी, आणि पाण्याचा शिरकाव बहुधा छपरातूनच होतो. छपराची दुरुस्ती नीट झाली तर ते चिमुकले घर आणखी वीस वर्षे चालते. ती वरवरची झाली तर दोन-तीन पावसाळ्यांत आतला सांगाडा कुजून जातो.

ही दुरुस्ती समजून घ्यायची तर छपराची बांधणी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या छपरात बहुधा लाकडी पट्ट्यांची किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट असते. चौकटीच्या पोकळीत उष्णतारोधक फोम भरलेला असतो, खालून पातळ प्लायवुड आणि वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. पत्र्याच्या कडा बाजूंवर वळवून त्यांवर धातूची पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते. मध्यभागी हवेसाठी चौदा इंच लांबीरुंदीचा एक चौकोनी झरोका कापून त्यावर झडप बसवलेली असते. म्हणजे पत्रा कितीही अखंड असला तरी कडेचे सांधे, झरोक्याची चौकट आणि स्क्रूंची शेकडो भोके ही पाण्याची संभाव्य द्वारे होत. निरोगी पत्र्यातून पाणी कधीच येत नाही. येते ते सांध्यातून.

सांधे उघडे पडण्याचे मुख्य कारण उष्णता. तापमान एक सेल्सियस अंशाने वाढले की एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिलिमीटरच्या सुमारे तेवीस सहस्रांशाने लांबतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु वाळवंटातील गारठलेली पहाट आणि तळपती दुपार यांच्यामध्ये उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या तापमानात साठ अंशांचा फरक सहज पडू शकतो. तेवढ्या फरकाने तीन मीटर लांबीचा पत्रा चार मिलिमीटर वाढतो. त्याखालची लाकडी पट्टी मात्र तंतूंच्या दिशेने एक मिलिमीटरही वाढत नाही. पत्रा आणि लाकूड यांची ही ओढाताण रोज चालते. त्यात खडबडीत रस्त्यावरील हादरे आणि छप्पर वर-खाली करताना बसणारा पीळ यांची भर पडते. सांध्यात भरलेली लांबी कालांतराने वाळून कडक झाली की ही हालचाल तिला सोसत नाही आणि तिला बारीक भेगा पडतात. त्या भेगांत पाणी आपोआप ओढले जाते, जसे दिव्याच्या वातीत तेल चढते.

कोकणात मृगापूर्वी घर शाकारले जाते तेव्हा कौलावर कौल चढवून पाण्याला उताराची वाट दिलेली असते. कौलांच्या मध्ये कोणताही चिकट पदार्थ भरावा लागत नाही. कॅम्परच्या छपराला ही सोय नाही. ते जवळजवळ सपाट असते आणि भर वेगात समोरून येणारा वारा पावसाचे पाणी पुढच्या कडेच्या सांध्यात उलट रेटतो. म्हणूनच उभ्या कॅम्परला न होणारी गळती प्रवासात होते. गळती दिसते तेथेच भोक असते असेही नाही. पुढच्या कडेने आत शिरलेले पाणी चौकटीच्या पट्टीवरून वाहत जाऊन मागच्या कोपऱ्यात टपकू शकते. डाग दिसला त्याच्या वरच्या जागी लांबी फासणारा माणूस पुष्कळदा निर्दोष जागेचीच दुरुस्ती करीत असतो.

आत शिरलेले पाणी दिसते त्याहून न दिसणारे अधिक घातक. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण दीर्घकाळ वीस टक्क्यांच्या वर राहिले की कूज निर्माण करणाऱ्या बुरशीला अनुकूल परिस्थिती मिळते. ती लाकडाचे तंतू खाऊन टाकते, आणि बाहेरून धड दिसणारी पट्टी बोटाने दाबली तरी भुगा होते. स्क्रूंना धरून ठेवणारे लाकूडच असे नाहीसे झाले की कडेची पट्टी सैल होते, सांधा अधिक उघडतो आणि अधिक पाणी आत येते.

गळती दिसताच जवळ असेल ती लांबी वरून फासण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्यातले दोन उपाय विशेष अहितकारक ठरतात. पहिला सिलिकोनचा. हा पदार्थ टिकाऊ आणि लवचिक आहे, हे खरे. परंतु तो एकदा वाळला की त्यावर रंग किंवा दुसरी कोणतीही लांबी नीट चिकटत नाही. त्याची कड कोठे सुटली तर पुढच्या दुरुस्तीपूर्वी तो कणाकणाने खरवडून काढावा लागतो. दुसरा उपाय डांबराचा. डांबर उन्हात मऊ होते, थंडीत तडकते आणि काळ्या रंगामुळे छप्पर अधिकच तापवते. नंतरच्या काळातील काही कॅम्परांवर पत्र्याऐवजी कृत्रिम रबराची चादर असते. तिला तर खनिज तेलापासून बनलेले पदार्थ फुगवून खराब करतात. म्हणून छप्पर कशाचे आहे हे ओळखल्याखेरीज त्यावर काहीही फासू नये.

शहाणा कारागीर प्रथम गळतीचे मूळ शोधतो. छप्पर कोरडे करून एक माणूस आत बसतो आणि दुसरा बाहेरून नळीने पाणी सोडतो. पाण्याची सुरुवात खालच्या सांध्यापासून करून हळूहळू वर जायचे असते, कारण वरून सोडलेले पाणी सर्वच सांध्यांवरून ओघळते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. संशयित जागा सापडल्या की कडेची पट्टी आणि झरोक्याची चौकट उतरवून घ्यावी लागते. जुनी लांबी किंचित गरम करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याने खरवडतात. लोखंडी पात्याने पत्र्यावर चरे उमटतात. शेवटी स्पिरिटने जागा पुसून घ्यायची. नव्या लांबीची पकड या स्वच्छतेवर अवलंबून असते, आणि घाईत हाच भाग बहुधा टाळला जातो.

पट्टी निघाली की लाकडाची परीक्षा टोच्याने होते. टोच्या रुतेल तेवढे लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत कापून काढावे लागते. त्यानंतर येते वाळवण. ओले लाकूड नव्या लांबीखाली कोंडणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे होय. म्हणून छप्पर उघडे ठेवून, पंखा लावून, कित्येक दिवस थांबावे लागते. नवी पट्टी जलरोधक सरसाने जोडतात. ती कुजू नये म्हणून तांब्याच्या क्षारांनी मुरवलेले लाकूड वापरावेसे वाटते, परंतु हे क्षार ओलाव्यात ॲल्युमिनियमला खातात आणि पत्र्याला खालून बारीक छिद्रे पाडतात. साधे, कोरडे, चांगल्या प्रतीचे लाकूडच येथे योग्य.

यानंतर खरा बंदोबस्त. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये ब्यूटिल रबराची चिकट फीत अंथरली जाते. ब्यूटिल रबराचा शोध १९३७ साली अमेरिकेत लागला. त्यातून हवा फारच थोडी झिरपते, म्हणून चाकांच्या ट्यूबांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. या फितीचा मोठा गुण असा की ती कधी पुरती कडक होत नाही. पत्र्याबरोबर ती ताणली जाते, दबली जाते आणि पुन्हा काढायची वेळ आली तर निघूनही येते. स्क्रू एकदम न आवळता सर्व थोडे थोडे आवळत जायचे. फीत कडेने बाहेर डोकावली की जागा पूर्ण भरली असे समजावे. एक-दोन दिवसांनी ती बसली की पुन्हा एकदा आवळून बाहेर आलेला भाग कापून टाकायचा. मग स्क्रूंच्या माथ्यांवर आणि पट्टीच्या कडेवर छपरासाठीच तयार केलेली लवचिक लांबी. म्हणजे पाणी अडवण्याचे मुख्य काम आतली फीत करते. बाहेरची लांबी हा तिचा पहारेकरी. वरून पांढरा लवचिक लेप दिला तर छप्पर कमी तापते आणि सांध्यांची रोजची ओढाताण कमी होते. मात्र उघड्या सांध्याला हा लेप पर्याय होऊ शकत नाही.

छप्पर घडीचे असल्यामुळे आणखी एक विचार करावा लागतो, तो वजनाचा. पुष्कळ घडीच्या कॅम्परांचे छप्पर माणूस आपल्या हातांनी उचलतो. जुन्या थरावर नवा थर, त्यावर जाड प्लायवुड, असे करत गेले तर ते उचलेनासे होते आणि वजनाने मध्ये खचते. खचलेल्या जागी पाणी साचते. एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे दहा किलो भार. म्हणून चौकट कमकुवत असेल तर थर वाढवण्याऐवजी आतून आडव्या पट्ट्या बदलून छपराला किंचित बाक द्यावा, म्हणजे पाणी थांबत नाही. कनातीची वरची कड छपराच्या चौकटीला पट्टीने आवळलेली असते, तीही याच वेळी तपासावी. ओली कनात घडी करून ठेवणे हे कुजीला आमंत्रणच असते. पावसातून परतल्यावर छप्पर पुन्हा उचलून ती वाळवावी लागते.

एवढे करूनही ही दुरुस्ती कायमची नसते. ऊन, थंडी आणि रस्ता आपले काम चालूच ठेवतात. वर्षातून दोनदा सांध्यांवरून हात फिरवून भेग, फुगवटा किंवा सुटलेली कड शोधणे आणि ती लगेच भरून काढणे, यातच छपराचे आयुष्य आहे. पंधरा-वीस वर्षांनी तो कॅम्पर बहुधा दुसऱ्याच मालकाकडे असेल आणि पट्टी पुन्हा काढावी लागेल. त्या वेळी ती सहज निघावी, खाली कोरडे लाकूड आणि स्वच्छ पत्रा सापडावा, एवढी तजवीज आजच्या दुरुस्तीने केली पाहिजे. जुने कॅम्पर पिढ्यान्‌पिढ्या चालले ते अशा उघडून पाहता येणाऱ्या दुरुस्तीमुळेच. ज्यांच्या छपरावर थरांवर थर चढत गेले, त्यांची चौकट कुजली हे मालकाला कळले ते पत्रा हाताखाली दबला तेव्हा.