गाडीचं अ‍ॅव्हरेज कुणी खाल्लं?

30 मे 2024 रोजी नागपूरचं तापमान देशभर गाजलं. रामदासपेठेजवळ कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित केंद्रानं 56 अंशांचा आकडा दाखवला, सोनेगावच्या केंद्रानं 54. सेन्सर बिघडल्यामुळे हे आकडे आल्याचा खुलासा हवामान खात्यानं केला. शहराचा अधिकृत उच्चांक 47.9 अंशांचा आहे, 23 मे 2013 चा. त्यामुळे 56 वर कुणाचाही विश्वास बसणं अवघडच होतं.

गाडीच्या इंजिनातला सेन्सर असाच खोटं बोलू लागला तर मात्र शंका घ्यायला तिथं माणूस नसतो. इंजिन तापलेलं असताना सेन्सर ‘थंड आहे’ म्हणाला, तर गाडीतला कॉम्प्युटर ते खरं मानून जादा पेट्रोल सोडत राहतो. इकडे पानठेल्यावर चर्चा रंगते, ‘गाडी पेट्रोल पिऊन राहिली बाप्पा!’ आणि उत्तर तयारच असतं: इथेनॉल.

इथेनॉलचा हिशेब आधी करून टाकू, कारण नागपुरात हा विषय टाळताच येत नाही. इथेनॉलवर धावणारी बस आपण 2014 मध्येच पाहिली, आणि इथेनॉलचा सर्वांत आग्रही पुरस्कर्ता मंत्री याच शहराचा खासदार आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास 7 टक्के ऊर्जा कमी, आणि आधीच्या 10 टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के कमी. जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानंही 6 ते 7 टक्के घट धरली होती. ही घट खरी आहे, ग्राहकाच्या खिशातून जाते, आणि ती नाकारणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

पण तुमची गाडी 17 चं अ‍ॅव्हरेज देत होती आणि आता 13.5 वर आली असेल, तर ही घट 20 टक्क्यांची आहे. 10 टक्क्यांवरून 20 टक्के मिश्रणावर गेलेली 17 ची गाडी फार तर 16.4 वर येईल. उरलेले तीन किलोमीटर दुसरं कुणीतरी खातंय, आणि सगळा दोष इथेनॉलवर टाकला की तो चोर मोकाट सुटतो.

आधी घट खरीच आहे का, ते पाहायला हवं. डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा तशीच फुल करा आणि भागाकार करा. एक टाकी सीताबर्डीच्या सिग्नलवर एसी लावून जाळली आणि दुसरी समृद्धी महामार्गावर, तर तुलना व्यर्थ. समृद्धीवरही 80 आणि 120 चा वेग सारखा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 120 ला तो सव्वादोन पट होतो. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर मीटरच कमी किलोमीटर दाखवतं आणि पेट्रोल मात्र तेवढंच जळतं.

टायरमधल्या हवेचा खेळ तर खास नागपूरचा. मे महिन्यात दुपारी, तापल्या सिमेंट रस्त्यावरून येऊन आपण हवा भरतो. टायरमधली हवा 65 अंशांवर आहे, गेज 33 दाखवतं, आपण समाधानानं निघतो. पहाटे हवा 30 अंशांवर येते तेव्हा तोच टायर 28 वर असतो. हवा न गळता पाच पौंड गायब! मऊ टायर जास्त दबतो, आणि प्रत्येक फेऱ्यात दबण्या-सुटण्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हवा सकाळी, गाडी फारशी चालवण्याआधी तपासावी.

त्यानंतर ब्रेक. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा. उतरून चारही रिमजवळ हात न्या, स्पर्श मात्र करू नका. एकच चाक जास्त धगधगत असेल तर त्याचा ब्रेक पुरता सुटत नाही. म्हणजे तुम्ही पाऊल उचलता तरी तो धरूनच ठेवतो.

आता थर्मोस्टॅट. याबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचं आहे. ही मेणाच्या गोळीवर चालणारी छोटी झडप. कूलंट 80-90 अंशांच्या आसपास आलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. नागपूरच्या उन्हात गाडी गरम होते म्हणून काही मेकॅनिक ती काढूनच टाकतात. मग इंजिन कधीच पुरेसं तापत नाही, ऑइल घट्ट राहतं आणि कॉम्प्युटर थंड इंजिनाला लागतं तसं जादा पेट्रोल देत राहतो. मे महिन्यात हे फारसं जाणवत नाही, डिसेंबरच्या थंडीत जाणवतं. तोवर उन्हाळ्यातला तो उद्योग सगळे विसरलेले असतात. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा, कूलंट तपासा. झडप काढणं हा इलाज नाही. अर्ध्या तासानंतरही काटा नेहमीच्या जागी पोहोचत नसेल, तर संशय इथेच घ्यावा.

गॅरेजमध्ये ‘एअर फिल्टर बदला, अ‍ॅव्हरेज वाढेल’ असं हमखास सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळी ते खरं होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेनं 2009 मध्ये फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या घेतल्या. गाडीचा पिकअप घटला, अ‍ॅव्हरेज जवळपास तेवढंच राहिलं. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण इंजिनाच्या आरोग्यासाठी.

शेवटचा साक्षीदार स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये आहे. तिथं मोबाइलला जोडता येणारा साधा स्कॅनर लावला की ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ हा आकडा दिसतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर पाहून कॉम्प्युटरनं पेट्रोल ठरल्यापेक्षा किती वाढवलं किंवा घटवलं, ते हा आकडा सांगतो. 10 टक्के मिश्रणासाठी बनलेल्या गाडीत तो 20 टक्क्यांच्या पेट्रोलवर अधिक चारच्या आसपास जाणं स्वाभाविक आहे. इथेनॉलची सही एवढीच! अधिक पंधरा दिसला तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय, पंप कमजोर झालाय किंवा सेन्सर चुकीचं सांगतोय. उणे पंधरा असेल तर गळका इंजेक्टर शोधा. आकडा ठीक आणि कूलंटही नीट तापलेलं असेल, तर इंजिन बहुधा निर्दोष आहे. पुन्हा टायर आणि ब्रेककडे वळा, क्लचही तपासा.

सेन्सर बदलायला हो म्हणण्याआधी मेकॅनिकला दोन आकडे विचारा: गरम इंजिनाचा ट्रिम किती आणि कूलंट किती अंशांवर. दोन्ही तारखेसह वहीत लिहून ठेवा, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा.