हृदयालेखक यंत्र आणि सातपुड्यातील भूसंपर्क

हृदयाच्या प्रत्येक स्पंदनाबरोबर त्वचेवर उमटणारा विभव सुमारे एक मिलिव्होल्ट इतकाच असतो. तो टिपणारे यंत्र मात्र २३० व्होल्टच्या तारांच्या सान्निध्यात चालते. या तारा व रुग्णाचे शरीर यांमधील अल्प धारितेतून ५० हर्ट्झचा सूक्ष्म प्रवाह शरीरात शिरतो, आणि सर्व विद्युदग्रांचा त्वचेशी संपर्क सारखा नसेल तर त्याचा काही अंश हृदयालेखात मिसळतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असल्याने दर मिलिमीटरात दोन दाते पडतात व रेषा केसाळ दिसते. थंडीने कुडकुडणाऱ्या रुग्णाच्या स्नायूंमुळेही रेषा थरथरते. परंतु ते दाते अनियमित असतात. तोरणमाळच्या हिवाळ्यात हा भेद ध्यानी ठेवावा.

यंत्रातील गाळणी लावली की रेषा स्वच्छ होते. परंतु ३५ हर्ट्झवरील कंपने काढून टाकणारी गाळणी हृदयालेखातील तीक्ष्ण शिखरांची उंचीही घटविते. शिवाय बाधेचे मूळ जागेवरच राहते. याहून घातक उपाय म्हणजे त्रिपिनी जोडणीतील भूसंपर्काची तार तोडणे. तिने कधी कधी दाते खरोखरच नाहीसे होतात, आणि म्हणूनच हा मोह आवरत नाही.

धातूचे आवरण असलेल्या यंत्रात विद्युत्दाबाखालील तार आवरणास टेकली, आणि स्थानिक भूसंपर्काचा रोध १० ओहम असला, तर २३ अँपिअरचा प्रवाह वाहून ५ अँपिअरचा फ्यूज तत्काळ वितळतो. तोच रोध १०० ओहम असल्यास प्रवाह अवघा २.३ अँपिअर, फ्यूज शाबूत राहतो आणि आवरण जवळजवळ २३० व्होल्टवर तसेच उभे राहते. अशा ठिकाणी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा ई.एल.सी.बी. अपरिहार्य होय.

१९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न जमिनीशीच निगडित आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी माती ओलावा धरते. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात मात्र मातीच्या पातळ थराखाली बेसॉल्टचा खडक लागतो. तेथे सळई खोल जात नाही आणि उन्हाळ्यात उरलीसुरली ओलही आटते. एकाऐवजी अनेक सळया अंतरा-अंतरावर पुरून समांतर जोडणे व खड्ड्यात पाणी घालीत राहणे, हे उपाय जुनेच आहेत. रोधाचे मोजमाप मात्र वैशाखात व्हावे. श्रावणातील आकडा फसवा असतो.

बाधेचा दुसरा मार्ग आकाशातून येतो. दुर्बल संकेताच्या दरीत मोबाइल फोन आपली शक्ती वाढवितो. ९०० मेगाहर्ट्झवरील दुसऱ्या पिढीच्या फोनची कमाल शक्ती २ वॉट आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाच्या ६०६०१-१-२ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अशा फोनासाठी ३० सेंटिमीटर अंतरावर मीटरला २८ व्होल्टचे क्षेत्र गृहीत धरले आहे. त्याच हिशेबाने ते ३ व्होल्टपर्यंत उतरण्यास सुमारे पावणेतीन मीटर अंतर लागते. फोनचे प्रक्षेपण सेकंदाला २१७ स्पंदांनी होते. वर्धकातील अर्धवाहक त्याचे एकदिशीकरण करतात, आणि एवढी द्रुत लहर मंद हृदयालेखात उतरते. खाटेवरच ठेवलेला नातेवाइकांचा फोन म्हणूनच दूर हलवावा.

बाधेचे मूळ शोधण्याची सोपी रीत अशी: यंत्राची विद्युत्तार काढून ते बॅटरीवर चालवावे. दाते गेले तर दोष पुरवठ्यात वा भूसंपर्कात आहे; राहिले तर प्रथम विद्युदग्र पुन्हा नीट बसवावे, मग खाट भिंतीपासून सरकवून पाहावी.