मेळाव्याला निघण्यापूर्वी
(लेखांक 6)

अर्जाच्या मजकुराचा विचार गेल्या आठवड्यात झाला. आता तो अर्ज घेऊन ज्या मांडवात जावयाचे, त्याकडे वळू. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत स्वामी विवेकानंद कॅरिअर मार्गदर्शन योजनेखाली असे रोजगार मेळावे भरतात, आणि तेथे टेबलामागे बसलेला कंपनीचा माणूस एकेका विद्यार्थ्यास जेमतेम चार मिनिटे देतो. ती चार मिनिटे घरीच घडवावी लागतात.

जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील विद्यार्थ्याची स्थिती काहीशी विलक्षण आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. परिणामी घरी मराठी, महाविद्यालयात हिंदी आणि नोकरी शोधावयाची ती बहुधा नागपुराकडे, जेथे मिहानमधील कंपन्यांचा कारभार इंग्रजीत चालतो, असा त्रिविध व्यवहार त्याच्या वाट्यास आला आहे. यास न्यून समजण्याची चाल पडली आहे. मला ती मुळीच मान्य नाही.

जामसांवलीस निजलेल्या मुद्रेतील मारुतीच्या दर्शनाला मंगळवारी व शनिवारी यात्रेकरूंची रीघ लागते. अशा शनिवारी वडिलांच्या नारळ-प्रसादाच्या दुकानी बसून, नागपूरच्या गिऱ्हाइकाशी मराठीत व छिंदवाड्याच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलत, रोख आणि मोबाइलवरून आलेले पैसे यांचा सायंकाळी गल्ल्याशी ताळा घालणारी मुलगी आपल्या परिचयपत्रात अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहून मोकळी होते! संत्र्याच्या बागेचेही तेच. तोडणीच्या दिवशी क्रेट मोजणे, फळांची प्रतवारी पाहणे, व्यापाऱ्याच्या चिठ्ठीशी घरची वही ताडणे हे काम पुष्कळ घरी शिकणाऱ्या मुलाकडेच येते. परंतु विचारले असता तो “घरचं थोडं पाहतो” एवढेच पुटपुटतो. त्याऐवजी “आंबिया बहाराच्या तोडणीत क्रेटचा हिशेब मी ठेवतो, तफावत आली तर व्यापाऱ्याशी मीच बोलतो,” ही दोन वाक्ये त्याने मराठीत जुळवावीत, हिंदीत म्हणून पाहावीत, आणि मग इंग्रजीत, तुटकी का होईना, मोठ्याने उच्चारावीत. आरशापुढे नव्हे, धाकट्या भावंडापुढे. आरसा हसत नाही, आणि हसणाऱ्यासमोर बोलण्याचीच सवय व्हावयास हवी.

कोणत्या कंपन्या येणार याची यादी महाविद्यालयाच्या दप्तरी आधी विचारून घ्यावी व तेवढ्यांचीच चौकशी करावी. याच पट्ट्यातील बोरगावास रेमंडची कापडगिरणी 1991 पासून आहे. तेथे कामाला जाणारा शेजारी भेटल्यास पाळ्या कशा असतात आणि विज्ञानाचा पदवीधर कोणत्या विभागात लागतो, हे त्याला विचारावे. त्याचे अर्ध्या तासाचे बोलणे माहितीपुस्तिकेहून मोलाचे ठरते. मेळाव्यात “पगार किती?” हा प्रश्न अवश्य करावा, तो विचारण्यात असभ्यता नाही, मात्र त्याआधी नेमणूक कंपनीच्या हजेरीपटावर होणार की ठेकेदाराच्या, आणि दुसरी पाळी सुटल्यावर गावाकडे यावयास गाडी मिळणार काय, हे मुलींनी तर निःसंकोच विचारून घ्यावे.

शिकाऊ उमेदवारीचा प्रस्ताव आल्यास 1961 च्या कायद्याप्रमाणे असा उमेदवार प्रशिक्षणार्थी गणला जातो, कामगार नव्हे, हे ध्यानी ठेवावे. राज्याच्या 2023 च्या ‘सीखो कमाओ’ योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा 8,000, तर पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. ही रक्कम पगार समजून घरी सांगितली, तर मुदत संपताच खुलासे करीत बसावे लागते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. गुणपत्रिका, मूलनिवासी दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला आणि त्यांच्या नकला या अनुक्रमाने लावाव्यात, हे सर्वांस ठाऊक असते. खरी अडचण नावाची होते. मराठी आडनाव हिंदी कारकुनाच्या लेखणीतून इंग्रजीत उतरताना आधारपत्रावर एक रूप घेते, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. आणि ‘ळ’ असलेल्या आडनावांचे हाल तर विचारूच नयेत. निवड झाल्यावर, रुजू होण्याच्या दिवशी, ही तफावत उघडकीस येते, आणि दुरुस्तीचा अर्ज काही एका दिवसात निकाली निघत नाही. म्हणून दोन्ही कागद आजच शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे, फरक असल्यास अर्ज मेळाव्याआधीच द्यावा आणि त्याची पोच नकलांबरोबर ठेवावी.