उन्हाळा, कोंबडी आणि उघड्या मानेचे जनुक

पारा चाळिशीपुढे सरकला, की विदर्भ-मराठवाड्यातील पोल्ट्री शेडना ओल्या गोणपाटाचे पडदे लागतात, छपरांवर पाणी मारले जाते आणि पहाटेच्या गारव्यातच खाद्य उरकले जाते. एवढे करूनही दुपारच्या काही तासांत मरतूक होतेच. त्यातही अधिक बळी जातात ते विक्रीच्या वजनाला आलेले पक्षी. खाद्य, औषधे, मजुरी असा सारा खर्च होऊन गेल्यावर बसणारा हा फटका शेतकऱ्याला जिव्हारी लागतो. यामागे केवळ हवामान नाही. कोंबडीच्या जनुकांचाही त्यात मोठा वाटा आहे.

घाम न येणारा पक्षी

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. तुरा आणि पाय यांतून काही उष्णता बाहेर पडते. बाकी सारी भिस्त धापा टाकण्यावर. चोच उघडी ठेवून भराभर श्वास घेतल्याने बाष्पीभवन होते आणि शरीर निवते. मात्र, त्याबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन आम्ल-अल्क संतुलन ढळते. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने त्यासाठी लागणारा कच्चा मालही अपुरा पडतो. उन्हाळ्यात कवचे पातळ होण्याचे हे एक कारण होय. हवा दमट असेल, तर धापांचाही उपयोग घटतो.

वेगवान वाढीची किंमत

गेली अनेक दशके ब्रॉयलर कोंबड्यांची निवड झपाट्याने होणाऱ्या वाढीसाठी झाली. आज हा पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा टप्पा गाठतो. पण वेगवान वाढ म्हणजे वेगवान चयापचय आणि तितकीच अधिक उष्णता. ही उष्णता बाहेर पडू न देणारी पिसांची गोधडी अंगावर कायमच असते.

पिसे कमी करणारे जनुक

ही गोधडी पातळ करणारे एक जनुक निसर्गातच आहे. उघड्या मानेच्या कोंबड्यांमध्ये ते आढळते. त्याची एक प्रत असेल तर पिसे सुमारे २० टक्क्यांनी, दोन असतील तर सुमारे ४० टक्क्यांनी घटतात. एडिनबर्ग येथील रोझलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये त्याचे गूढ उकलले. तिसऱ्या गुणसूत्रात डीएनएचा एक जादा तुकडा घुसल्याने पिसांची वाढ रोखणारे प्रथिन त्वचेत अधिक प्रमाणात तयार होते. मानेची त्वचा या प्रथिनाला अधिक संवेदनशील असल्याने पिसे प्रथम तेथूनच नाहीशी होतात. उष्ण हवेत असे पक्षी भरपूर पिसांच्या पक्ष्यांपेक्षा चांगली वाढ राखतात. शिवाय, पिसांवर खर्च होणारी प्रथिने वाचतात.

पिसे बाहेरच्या बाजूस वळवणारे दुसरे एक जनुकही उष्णता बाहेर पडण्यास मदत करते. इस्रायलमधील हिब्रू विद्यापीठाचे प्रा. अविग्दोर कहानेर यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. पिसेच नसलेल्या त्यांच्या कोंबड्यांची २००२ मध्ये जगभर चर्चा झाली. उघड्या त्वचेला ऊन आणि डास यांचा त्रास होईल, अशी टीकाही झाली.

भारतातील प्रयत्न

बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या देशी कोंबडीच्या संकरातून ‘हितकारी’, तर वळलेल्या पिसांच्या कोंबडीच्या संकरातून ‘उपकारी’ ही वाणे परसातील कुक्कुटपालनासाठी विकसित केली.

मात्र, एकच जनुक म्हणजे रामबाण उपाय नव्हे. कमी पिसांच्या पक्ष्याला थंडीत ऊब टिकवण्यासाठी अधिक खाद्य लागते. उघड्या मानेच्या जनुकाच्या दोन प्रती असल्यास अंड्यातून पिले बाहेर येण्याचे प्रमाणही घटू शकते. शिवाय, उष्णता सोसण्याची क्षमता अनेक जनुकांवर अवलंबून असते. ताणाच्या वेळी पेशीतील बिघडलेली प्रथिने सावरणाऱ्या ‘हीट शॉक’ प्रथिनांची जनुके हे त्यातील एक उदाहरण. केवळ वाढीचा वेग पाहून निवड करत गेल्यास ही क्षमता मागे पडते.

त्यामुळे हवेशीर शेड, मुबलक गार पाणी आणि कमी गर्दी यांना आज तरी पर्याय नाही. पण उन्हाळे अधिक तीव्र होत असताना, परसात दुर्लक्षित राहिलेली उघड्या मानेची देशी कोंबडी जपणे हे केवळ हौसेचे काम उरलेले नाही. ते जनुक एकदा नष्ट झाले, तर उद्याच्या पैदाशीसाठी ते आणायचे कोठून, हा खरा प्रश्न आहे.